जुझेप्पे पेआनो : चिन्हांना अर्थ देणारा गणिती

नववीच्या वर्गात संचांचा धडा शिकताना आपण तीन चिन्हे गिरवतो. एक घटकत्व दाखवते, दुसरे संयोग आणि तिसरे छेद. ही तिन्ही चिन्हे ज्यांनी प्रचारात आणली, त्या जुझेप्पे पेआनो यांच्या चरित्राचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

पेआनो यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५८ रोजी इटलीतील कुनेओ शहराजवळच्या स्पिनेत्ता या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. मुलाची बुद्धी पाहून मामांनी त्यांना शिक्षणासाठी तुरिन येथे नेले. तेथील विद्यापीठातून ते १८८० मध्ये पदवीधर झाले आणि पुढे तेथेच प्राध्यापक म्हणून आयुष्यभर राहिले.

रोजची भाषा गणिताला पुरी पडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पो ही नदी आहे आणि नद्या जलप्रवाह आहेत, या दोन वाक्यांत क्रियापद एकच; अर्थ मात्र भिन्न. पहिल्यात घटकत्व आहे, दुसऱ्यात समावेश. हा भेद स्पष्ट करण्यासाठी १८८९ च्या आपल्या लॅटिन पुस्तिकेत त्यांनी घटकत्वाला स्वतंत्र चिन्ह दिले. 'आहे' या अर्थाच्या ग्रीक शब्दाचे ते आद्याक्षर, एप्सिलॉन. उताण्या आणि पालथ्या वाटीसारखी संयोग व छेदाची चिन्हे त्यांनी १८८८ मध्येच वापरली होती. अस्तित्व दर्शविणारा उफराटा 'ई' १८९७ मध्ये आला. त्याच्या जोडीचा 'सर्व' या अर्थाचा उलटा 'ए' मात्र गेंट्झेन या जर्मन गणितज्ञाने १९३५ मध्ये योजला. तेव्हा पेआनो हयात नव्हते.

सारे गणित या चिन्हांत लिहून काढण्याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यासाठी छापखान्याचे यंत्र विकत घेतले, खिळे जुळवण्याची कलाही आत्मसात केली. या ध्यासाची किंमतही त्यांना मोजावी लागली. वर्गात ते चिन्हांतूनच शिकवू लागले, विद्यार्थ्यांना ते उमगेना, आणि १९०१ मध्ये लष्करी अकादमीतील अध्यापन संपुष्टात आले. सर्वांना कळावी म्हणून घडविलेली लिपी समोरच्या मुलांनाच परकी वाटली, हे त्यांच्या जीवनातील शल्य आम्हांला विचार करण्याजोगे वाटते.

त्यांच्या श्रमांचे चीज अन्यत्र झाले. १९०० मध्ये पॅरिसच्या तत्त्वज्ञान परिषदेत तरुण बर्ट्रांड रसेल यांनी त्यांची काटेकोर मांडणी ऐकली, त्यांचे ग्रंथ अभ्यासले आणि ती चिन्हे पुढे जगभर पोहोचविली.

नैसर्गिक संख्यांच्या गृहीतकांना आज पेआनो यांचे नाव आहे. त्यांनी स्वतः मात्र १८८९ च्या प्रस्तावनेत डेडेकिंड यांचे ऋण मोकळेपणाने नोंदविले होते. २० एप्रिल १९३२ रोजी तुरिन येथे त्यांचे निधन झाले. वहीत ती तीन चिन्हे लिहिताना आमच्या विद्यार्थ्यांनी स्पिनेत्ताच्या त्या शेतकरीपुत्राचे स्मरण ठेवावे, एवढीच आमची इच्छा.