केरो नाना छत्रे आणि आकाशाचा जमाखर्च

पंचांग एक सांगतें आणि आकाश दुसरें दाखवितें, अशा वेळीं शहाण्यानें कोणावर विश्वास ठेवावा? हा प्रश्न आपल्या प्रांतांत ज्यांनीं धीटपणें विचारला, त्यांत प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे यांचें नांव अग्रभागीं आहे.

अलिबागेजवळचें नागांव हें त्यांचें जन्मगांव. मुंबईस प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखालीं ते गणित व ज्योतिष शिकले आणि लहान वयांतच कुलाब्याच्या वेधशाळेंत नोकरीस लागले. लोहचुंबकाची सुई किती हलली, हवेचा दाब किती चढला, हें तेथें नित्य टिपून ठेवावें लागे. पुढें ज्ञानप्रसारक सभेपुढें त्यांनीं हवा, भरती-ओहोटी, कालज्ञान अशा विषयांवर मराठींत निबंध वाचले. कल्याणच्या खाडीचें पाणी रोज चढतां उतरतांना आपण पाहतों. त्याचा हिशेब चंद्राकडे आहे, हें आपल्या भाषेंत समजणें हाच केवढा आनंद!

आमच्या व्यापारी वाचकांस ठाऊकच आहे कीं, खतावणींत एक पैची चूक राहिली व ती वर्षानुवर्षें पुढें ओढली, तर अखेरीस रोकड जुळत नाहीं. पंचांगाचें तसेंच झालें होतें. गणेश दैवज्ञांचा ग्रहलाघव हा ग्रंथ १५२० सालचा. त्यांनीं स्वतः आकाशाशीं ताडा पाहूनच तो रचिला होता. पण त्यानंतर सुमारें तीनशें चाळीस वर्षें लोकांनीं ग्रंथ जपला आणि ताडा पाहाणें सोडलें. केरो नानांनीं नव्या वेधांच्या आधारें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ हा ग्रंथ १८६० सालीं प्रसिद्ध केला, आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साह्यानें शुद्ध पंचांग काढलें. त्यांत रेवतीचा तारा आरंभस्थान धरल्यामुळें संक्रांति रूढ पंचांगाहून सुमारें चार दिवस आधीं येई. सण हलतात म्हणून बहुतेकांनीं तें दूर ठेविलें. तथापि नानांनीं काम सोडलें नाहीं.

विश्वविद्यालयाची पदवी नसतां ते पुण्यास डेक्कन कॉलेजांत गणिताचे प्रोफेसर झाले. त्यांचे शिष्य बाळ गंगाधर टिळक यांनीं पुढें शुद्ध पंचांगाचा कैवार घेतला. त्यांच्या नांवाचें पंचांग अद्याप निघतें. १८८४ सालीं नाना वारले.

मोजमाप केल्यानें सृष्टीचें कौतुक ओसरतें, अशी एक समजूत आहे. नानांचें चरित्र ती खोटी ठरवितें. ज्यानें ग्रहणाची वेळ स्वतः काढली आणि त्याच पळाला चंद्राची कड काळवंडतांना पाहिली, त्याच्याइतका विस्मय भीतीनें दार लावून बसणाऱ्यास कोठून लाभणार? आज कुळगांवच्या दिव्यांच्या झगमगाटांत बारीक तारे बुडाले असले, तरी चंद्र व मोठे ग्रह उल्हासच्या कांठावरून अजून स्वच्छ दिसतात. पंचांग घरोघर आहेच. मुलांच्या हातीं वही देऊन चंद्रोदयाची छापील वेळ व दिसलेली वेळ महिनाभर शेजारीं शेजारीं लिहावयास सांगावी. गणेश दैवज्ञ व केरो नाना या दोघांचीहि खरी परंपरा तीच होय.