डोळ्याचा जन्म शोधणारे शास्त्रज्ञ : हान्स श्पेमान



मनोरीच्या कोळणीच्या पाटीत सुरमई आणि माकूल शेजारी शेजारी पडलेले तुम्ही पाहिले असतील. दोघांचे डोळे वरवर सारखेच दिसतात. पुढे भिंग आणि मागे प्रकाश टिपणारा पडदा. पण माकूलाचा डोळा कातडीच्या थरातून तयार होतो. सुरमई, बेडूक, कोंबडी आणि माणूस या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत मात्र डोळ्याचा पडदा मेंदूच्या फुगवट्यातून तयार होतो. त्यामुळे आपल्या पडद्याचे मज्जातंतू पुढच्या बाजूने जातात, आणि ते जेथून मेंदूकडे वळतात तेथे एक आंधळा ठिपका राहतो. माकूलाच्या डोळ्यात तो नसतो. हा फरक का पडला, हे डोळा घडताना पाहिल्याशिवाय समजत नाही. त्या घडणीचा शोध घेण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या हान्स श्पेमान यांची ही ओळख.

श्पेमान यांचा जन्म २७ जून १८६९ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी झाला. वडील पुस्तकांचे प्रकाशक होते. शालेय शिक्षण संपल्यावर हान्स काही काळ वडिलांच्या व्यवसायात रमले, नंतर लष्करी सेवाही केली. १८९१ साली ते हायडेलबर्ग येथे वैद्यकीच्या अभ्यासासाठी दाखल झाले. पण रोग्यांवर उपचार करण्यापेक्षा सजीव कसा घडतो, याच प्रश्नाने त्यांना ओढून घेतले. अखेर वैद्यकी सोडून ते व्यूर्त्सबुर्ग येथे थिओडोर बोव्हेरी या थोर प्राणिशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकू लागले. पुढे क्षयाने त्यांना गाठले. सक्तीच्या विश्रांतीच्या त्या दिवसांत त्यांनी आनुवंशिकतेवरील ग्रंथ वाचून काढले, आणि त्यांच्या संशोधनाची दिशा तेथेच ठरली.

प्रयोगासाठी त्यांनी बेडकाची अंडी निवडली. पावसाळ्यात डबक्यात दिसणारी ही अंडी आईच्या शरीराबाहेर, उघड्या पाण्यात वाढतात. त्यामुळे भ्रूणाची वाढ डोळ्यांनी पाहता येते. त्यांची हत्यारे पाहाल तर नवल वाटेल! काचेची बारीक सुई आणि तान्ह्या बाळाच्या केसाचा फासा. एवढ्यावर ते मोहरीएवढ्या भ्रूणावर शस्त्रक्रिया करीत.

भ्रूणात मेंदूच्या दोन्ही बाजूंनी फुगवटे निघतात. ते कातडीला जाऊन भिडतात आणि त्यांची वाटी होते. वाटीसमोरची कातडी जाड होऊन आत वळते आणि तिचे भिंग बनते. श्पेमान यांनी एका बाजूचा फुगवटा अगदी सुरुवातीलाच तापल्या सुईने नष्ट केला. त्या बाजूला भिंग तयार झालेच नाही! कातडीला भिंग होण्याची सूचना शेजारून मिळते, असा निष्कर्ष त्यांनी १९०१ साली मांडला.

त्यावर इतर शास्त्रज्ञांनी शंका घेतली. श्पेमान यांनी दुसऱ्या जातीच्या बेडकावर प्रयोग केला, तर तेथे वाटी नसतानाही भिंग तयार झाले. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा हा पुरावा त्यांनी झाकून ठेवला नाही, प्रसिद्ध केला. आज आपल्याला माहीत आहे की कातडीची तयारी आसपासच्या इतर पेशी आधीपासून करून घेतात आणि वाटी ते काम पूर्ण करते. खऱ्या शास्त्रज्ञाची परीक्षा अशाच वेळी होते.

१९१९ पासून ते फ्रायबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक होते. तेथे हिल्डे मान्गोल्ड या त्यांच्या विद्यार्थिनीने पाणसरड्याच्या एका भ्रूणाचा छोटा तुकडा दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूस बसवला. तेथे मज्जारज्जू आणि कानाच्या पुटींसह दुसराच भ्रूण आकाराला आला, आणि त्यातल्या बहुतेक पेशी यजमान भ्रूणाच्याच होत्या. हा निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी घरातील एका स्फोटात भाजून हिल्डे यांचा वयाच्या २५व्या वर्षी मृत्यू झाला. याच कार्यासाठी १९३५ साली श्पेमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कान आणि नाकही असेच डोक्यावरील कातडीच्या जाड ठिपक्यांतून घडतात. जिताड्याच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी रेघ पाहा. पाण्याची हालचाल टिपणाऱ्या तिच्यातील केसाळ पेशी आणि आपल्या अंतर्कर्णातील आवाज टिपणाऱ्या पेशी एकाच घराण्यातल्या. डोळ्याची घडण सुरू करणारे एक जनुक तर उंदीर आणि फळमाशी या दोघांतही जवळपास सारखे आहे. १९९५ साली उंदराचे जनुक वापरून माशीच्या अंगावर जादा डोळे उगवले. ते माशीचेच डोळे होते! उत्क्रांतीने जुन्याच सामानातून नवनवी इंद्रिये रचली, ती अशी.

पालकहो, या ज्ञानाचा संबंध तुमच्या घराशी आहे. मानवी भ्रूणात डोळा आणि कान यांची घडण चौथ्या आठवड्यातच सुरू होते. त्या वेळी अनेक मातांना दिवस गेल्याची पुरती खात्रीही नसते. पहिल्या तीन महिन्यांत मातेला रुबेला झाल्यास बाळ मोतीबिंदू किंवा बहिरेपणा घेऊन जन्माला येऊ शकते. हा संबंध ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवला. त्याच वर्षी श्पेमान यांचे निधन झाले. गोवर-रुबेला लसीच्या दोन मात्रा सरकारी कार्यक्रमात ९ ते १२ आणि १६ ते २४ महिने या वयात दिल्या जातात. ही लस गरोदरपणात देत नाहीत, म्हणून मुलींचे लसीकरण आधीच पूर्ण झाले पाहिजे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, येत्या पावसाळ्यात डबक्यातील बेडकाची अंडी रोज निरखून पाहा. काळा ठिपका डोळा होताना तुम्हाला दिसेल. वहीत तारीख घालून त्याचे चित्र काढा. श्पेमान यांच्या कामाची पहिली पायरी हीच होती.