हौशी मंडळीतून विद्यापीठाकडे : पं. विष्णु नारायण भातखंडे

लखनौच्या कैसरबागेत एक मराठी आडनाव इतके रुळले आहे की ते मराठी आहे, याचाही पुष्कळांना विसर पडावा. नवाब वाजिद अली शाह यांच्या परीखान्यात नांदणारे आणि २०२२ पासून राज्य विश्वविद्यालयाचा दर्जा लाभलेले संगीतपीठ भातखंडे या नावाने ओळखले जाते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची थोर संगीतशास्त्रज्ञ म्हणून ख्याती सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या चरित्राची एक बाजू आपल्यासारख्या मंडळांनी विशेष ध्यानात घ्यावी, असे आम्हांस वाटते. पंडितजी पेशाने गवई नव्हते. ते वकील होते, आणि त्यांच्या संगीतकार्याची जडणघडण झाली ती एका हौशी मंडळीत.

पंडितजींचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. घरची स्थिती बेताची होती. लहानपणी बासरीचा नाद लागला, पुढे वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतारीचे शिक्षण झाले. १८८५ मध्ये ते बी. ए. झाले, १८८७ मध्ये एल्‌एल्. बी. झाले आणि काही काळ त्यांनी कराचीस वकिली केली. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात गाणे ऐकणे शिष्टसंमत असले, तरी गाणे शिकणे हे फारसे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. विद्या घराण्यांत बंदिस्त होती. उस्तादांची मर्जी संपादन केल्यावाचून एखादी चीज हाती लागणे कठीण होते.

अशा काळी मुंबईत पारशी गृहस्थांनी चालविलेली गायन उत्तेजक मंडळी ही संस्था होती. कैखुश्रू काबराजी यांनी १८७० मध्ये ती स्थापन केली होती. दिवसभर आपापले व्यवसाय करणारे लोक येथे फावल्या वेळी संगीत ऐकत, शिकत. १८८४ मध्ये भातखंडे या मंडळीचे सभासद झाले. येथेच त्यांनी रावजीबुवा बेलबागकरांकडून शेकडो ध्रुपदे आणि अली हुसेन व विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल घेतले. पुढे ते स्वतः तेथे शिकवूही लागले.

शिकविताना त्यांच्यापुढे जी अडचण उभी राहिली, ती प्रत्येक हौशी संगीतमंडळाच्या परिचयाची आहे. ज्याला आठवड्यातून दोन-चार तासच मिळतात, त्याने बारा वर्षे गुरुगृही राहणाऱ्या शिष्याची विद्या कशी मिळवावी? राग ओळखावा कसा, चीज स्मरणात ठेवावी कशी, आणि दोन गवयांनी एकच राग दोन प्रकारे गायिला तर कोणाचे खरे मानावे? या प्रश्नांच्या उत्तरांतून पंडितजींचे पुढील सारे कार्य उभे राहिले, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्यांनी एक सुटसुटीत स्वरलिपी प्रचारात आणली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब आणि तार स्वराच्या डोक्यावर टिंब, एवढ्या खुणा शिकल्या की सामान्य माणसालाही लिहिलेली चीज वाचता यावी. रागांची वर्गवारी त्यांनी कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी या दहा थाटांत केली. नवशिक्यांसाठी त्यांनी स्वरमालिका बांधल्या. याखेरीज लक्षणगीते रचली. लक्षणगीताच्या शब्दांतच त्या रागाचे स्वर, वादी-संवादी व गानसमय सांगितलेले असतात. गीत पाठ झाले की रागाचे नियमही आपोआप पाठ होतात. हौशी विद्यार्थ्याचा वेळ वाचविणारी याहून सुबोध युक्ती क्वचितच सापडेल. आपल्या अनेक रचनांत त्यांनी ‘चतुर’ ही मुद्रा योजिली.

दरम्यान संसारावर आघात झाले. १९०० मध्ये पत्नी निवर्तली आणि १९०३ मध्ये एकुलती एक कन्याही गेली. पुढे १९१० च्या सुमारास त्यांनी वकिलीही सोडली आणि उरलेले आयुष्य एकाच ध्यासाला वाहिले. १९०४ मध्ये त्यांनी दक्षिणेचा दौरा केला. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांची भेट घेतली. त्यानंतर नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, अलाहाबाद, बनारस, लखनौ, जयपूर, उदेपूर अशी भ्रमंती केली. ग्रंथसंग्रह धुंडाळले आणि उस्तादांपुढे शिष्यभावाने बसले. रामपूरचे नवाब हमीद अली खान यांचे त्यांनी शिष्यत्व पत्करले, ते तेथील दुर्मीळ विद्या मिळावी म्हणूनच.

या संग्रहातून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे चार भाग आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग सिद्ध झाले. मालिकेत अठराशेच्या आसपास चिजा आहेत. हे ग्रंथ मुळात मराठीत लिहिले गेले. त्यांचे हिंदी अनुवाद पुढे हाथरसहून प्रसिद्ध झाले. उत्तर भारतातील विद्यार्थी ज्या पुस्तकांवरून यमन-भूपाची पहिली चीज गिरवितात, त्यांची मूळ भाषा आपली मायबोली आहे, हे आपल्या मुलाबाळांना आवर्जून सांगावयास हवे.

शास्त्रज्ञ आणि कलावंत यांना एकत्र बसविण्यासाठी पंडितजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय संगीत परिषदा भरू लागल्या. पहिली १९१६ मध्ये बडोद्यास, नंतर दिल्ली व बनारस, आणि चौथी १९२४ च्या अखेरीस लखनौस झाली. पाचवीही लखनौलाच भरली. या परिषदांतूनच संगीत महाविद्यालयाची कल्पना मूर्त झाली. राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांनी पुढाकार घेतला आणि १९२६ मध्ये गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावाने मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक सुरू झाले. येथे सखावत हुसेन खानांसारखे सरोदिये आणि आबिद हुसेन खानांसारखे तबलानवाज शिक्षक म्हणून आले. पंडितजींचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी १९२८ पासून सुमारे तीन दशके प्राचार्यपद सांभाळले. बेळगाव भागातील बैलहोंगलचा एक अकरा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे शिकावयास लखनौस आला, तोच पुढे पं. कृष्णराव गिंडे म्हणून मान्यता पावला. १९६६ मध्ये राज्य सरकारने संस्था आपल्याकडे घेतली आणि तिला भातखंड्यांचे नाव दिले.

पंडितजींवर टीकाही पुष्कळ झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. दहा थाटांच्या चौकटीत कित्येक राग नीट बसत नाहीत, हा आक्षेप विद्वानांनी घेतला. कागदावरील स्वरांत मींड, आंदोलन, गळ्याची लगावट उतरत नाही, हेही खरे. आपली विद्या पुस्तकात छापली जाणार म्हणून काही उस्ताद दुखावले. पंडितजींनीही शास्त्र न जाणणाऱ्या उस्तादांविषयी कठोर मते बाळगली. तथापि, जी चीज एकाच्याच कंठात असते ती त्याच्याबरोबर जाते, ही भीती खरी होती. उस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले धन होते म्हणूनच पंडितजींना लिहिता आले आणि लिहिले गेले म्हणूनच ते आपल्यासारख्यांच्या घरापर्यंत पोहोचले. दोघांचेही ऋण आपण मानले पाहिजे.

१९३३ मध्ये पंडितजींना पक्षाघात झाला. तीन वर्षे अंथरुणास खिळून राहिल्यावर १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या चरित्राचे स्मरण करताना आमची एक सूचना आहे. गणेशोत्सवात आणि कोजागरीला आपण हौसेने गातो. पण आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या ओठी असलेल्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, भूपाळ्या आणि गावोगावच्या निरनिराळ्या चालींच्या आरत्या कोणी लिहून ठेवल्या आहेत काय? माहेराहून तीन-चार पिढ्या दूर राहिलेल्या कुटुंबांत ही गाणी एकेका आजीबरोबर संपत आहेत. मंडळातील जाणत्यांनी ती ध्वनिमुद्रित करावी, स्वरलिपीत मांडावी, मुलांकडून बसवून घ्यावी आणि पुढील उत्सवात त्यांचाच एक कार्यक्रम करावा. लखनौच्या कन्या-सुनांच्या सोहर व कजरीही त्यात आल्या तर दुधात साखर. यासाठी मोठे गवई असण्याची गरज नाही. गायन उत्तेजक मंडळीच्या सभासदांनाही दिवसभर आपापले कामधंदे होतेच.