पश्चातबुद्धी आणि मॉरिस स्टोक्स

जुन्या निवडींची उलटतपासणी करणे हा क्रीडापत्रकारांचा लाडका उद्योग आहे. कोणत्या संघाने कुणाला घ्यायला हवे होते, कुणी कुणाला सोडून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे तीस-चाळीस वर्षांनी सांगायला फारशी अक्कल लागत नाही. निकाल समोर मांडलेले असतात. मीही हा उद्योग केला आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमधल्या फसलेल्या निवडींची एक यादी मी मोठ्या हौसेने तयार केली होती आणि तिच्यात रॉचेस्टर रॉयल्स या संघाला मानाचे पान दिले होते. १९५६ साली सर्वांत आधी खेळाडू निवडण्याचा हक्क या संघाकडे होता. त्यांनी बिल रसेलला सोडले आणि सिहुगो ग्रीन याला घेतले. रसेल बॉस्टनच्या संघात गेला आणि १३ मोसमांत त्या संघाने ११ अजिंक्यपदे पटकावली. रॉचेस्टरचा मालक लेस हॅरिसन याची मी यथेच्छ टिंगल केली होती.

ती टिंगल आज मला मागे घ्यायची आहे. त्यासाठी आधी मॉरिस स्टोक्स या माणसाची हकिकत सांगायला हवी. कारण रॉचेस्टरने रसेलला का सोडले, या प्रश्नाच्या उत्तरात हा स्टोक्स ठाण मांडून बसला आहे, आणि माझ्या यादीत त्याचे नावही नव्हते.

थोडे त्या 'ड्राफ्ट' नावाच्या प्रकाराविषयी. आयपीएलचा लिलाव आता घरोघरी ठाऊक झाला आहे, पण हा लिलाव नव्हे. इथे बोली नसते, पाळी असते. त्या काळी आदल्या मोसमात जो संघ तळाला राहिला त्याने सर्वांत आधी निवडायचे, मग त्याच्या वरच्याने, अशी रीत होती. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलाला विचारायची पद्धत नाही. ज्याने नाव पुकारले त्याचा तो झाला. २०१५ साली पंजाबच्या सतनामसिंगला डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडले, तेव्हा हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांतही झळकला होता. पन्नासच्या दशकात या पद्धतीला आणखी एक पुरवणी होती. आपल्या गावापासून ५० मैलांच्या आतल्या कॉलेजातला खेळाडू संघाला पाळी सोडून थेट उचलता येई. तिकिटे खपायची तर ओळखीचा चेहरा हवा, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

१९५५ च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाने याच कलमाखाली टॉम गोला हा आपल्या गावचा हिरा उचलला. मग पहिली पाळी मिल्वॉकी हॉक्सची. त्यांनी ड्युकेन कॉलेजच्या डिक रिकेट्सला घेतले. दुसरी पाळी रॉचेस्टरची. त्यांनी नाव घेतले मॉरिस स्टोक्सचे.

स्टोक्सचा जन्म १७ जून १९३३ चा, पिट्सबर्गजवळच्या रँकिन गावचा. पोलादाच्या भट्ट्यांचा हा मुलूख. बापही पोलादाच्या कारखान्यात कामाला, घर कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचे. पुढे कुटुंब पिट्सबर्गच्या होमवुड वस्तीत आले. शाळेच्या संघात स्टोक्सला सुरुवातीची दोन वर्षे पहिल्या पाचांत जागा मिळाली नाही, ही गोष्ट निवड समित्यांवर बसणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोठ्या नावाच्या विद्यापीठाऐवजी तो लोरेटो या डोंगरातल्या लहान गावी, फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या सेंट फ्रान्सिस कॉलेजात गेला. १९५५ साली या कॉलेजाचा संघ न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय निमंत्रितांच्या स्पर्धेत उतरला आणि चौथा आला. तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरव झाला तो स्टोक्सचा. विजेता संघ होता ड्युकेन, पिट्सबर्गचाच. त्याच्यात रिकेट्स होता आणि सिहुगो ग्रीनही होता. पुढच्या गोष्टीतली बरीच माणसे अशी एकाच शहराशी जोडलेली आहेत.

आणखी एक पिट्सबर्गकर होता, जॅक ट्वायमन. गोरा, स्टोक्सपेक्षा वर्षाने लहान, सिनसिनाटी विद्यापीठात शिकलेला. रॉचेस्टरने त्यालाही त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत घेतले. दुसऱ्या फेरीतल्या मुलांकडे तेव्हा फारसे कुणी पाहत नसे. संघात टिकला तर टिकला.

स्टोक्स टिकण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्याच सामन्यात ३२ गुण, २० रिबाउंड. रिंगला लागून परत येणारा चेंडू गर्दीत उडी मारून हस्तगत करणे म्हणजे रिबाउंड. हे काम धिप्पाड माणसांचे. स्टोक्स सहा फूट सात इंच उंच, वजन शंभर किलोंच्या वर. पण चेंडू हाती आला की तो छोट्या चणीच्या खेळाडूकडे सोपवून मोकळा होत नसे. स्वतः टप्पे देत मैदान ओलांडायचा आणि नेमक्या माणसाला नेमका पास द्यायचा. त्या काळात एवढ्या मोठ्या देहाकडून अशी अपेक्षा कुणी करत नव्हते. पहिल्या मोसमात सामन्यामागे १६.३ रिबाउंडची सरासरी आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान. दुसऱ्यात एकूण १,२५६ रिबाउंड, हा तेव्हाचा विक्रम. तीन मोसमांची बेरीज केली तर त्या काळात त्याच्याइतके रिबाउंड लीगमध्ये कुणाचे नाहीत, आणि सहकाऱ्याला गुण मिळवून देणाऱ्या पासांमध्ये त्याच्या पुढे फक्त बॉस्टनचा बॉब कूझी. या दोन याद्या एका माणसाने अशा व्यापणे म्हणजे यष्टिरक्षकाने सर्वाधिक बळी टिपावेत आणि गोलंदाजीतही दुसरे यावे, तसे काहीसे. उपमा ओढूनताणून आणलेली आहे, पण चमत्कार त्याच जातीचा.

आता १९५६ कडे येऊ. स्टोक्स असूनही रॉचेस्टर आपल्या विभागात तळाला राहिले होते. पहिली पाळी त्यांची आणि समोर रसेल, म्हणजे रिबाउंड आणि बचाव यांतला अवतार. पण तेच काम करणारा स्टोक्स घरात होता, तोही २२ वर्षांचा. रसेल डिसेंबरपर्यंत येणार नव्हता, कारण तो मेलबर्न ऑलिंपिकला जायचा होता. त्याला पैसेही भरपूर द्यावे लागणार होते. हॅरिसनची तिजोरी लहान, गाव लहान, प्रेक्षक कमी. संघाला उणीव होती ती चेंडू पुढे नेणाऱ्या चपळ खेळाडूची. ग्रीन तसा होता.

मी स्वतः काही वर्षे एका जिल्ह्याच्या कुमार संघाच्या निवड समितीवर होतो. एका वर्षी दोन उंच मुले आधीच संघात होती म्हणून तिसऱ्या, गुणी पण तशाच उंच मुलाला आम्ही वगळले. स्पर्धेला आठ दिवस उरले असताना दोघांपैकी एकाचा घोटा मोडला. पुढे कित्येक महिने पानाच्या टपरीवर आमच्या अकलेचे वाभाडे निघत होते. वगळलेल्या मुलाच्या वडिलांनी तर रस्त्यात ओळख देणे सोडले. निवडीच्या दिवशी आमच्या जागी त्यांनीही तेच केले असते, असे मला अजून वाटते; पण हे त्यांना कोण सांगणार?

रसेलचा हक्क दुसऱ्या पाळीवर हॉक्सकडे गेला होता. हा संघ तोवर सेंट लुईसला गेला होता. त्यांनी तो बॉस्टनला दिला आणि बदल्यात एड मॅकॉली आणि क्लिफ हेगन हे दोन खेळाडू घेतले. मॅकॉली मूळचा सेंट लुईसचा, त्याचा मुलगा आजारी होता आणि त्याला घरी परतायचे होते. बॉस्टनच्या साम्राज्याच्या पायात एका बापाची ही निकड आहे, हे याद्या करणारे आम्ही लिहीत नाही. शिवाय १९५८ ला हॉक्सने याच दोघांसह अजिंक्यपद मिळवले, तेही बॉस्टनला हरवून.

१९५७ मध्ये रॉयल्स रॉचेस्टर सोडून सिनसिनाटीला गेले. ट्वायमन आपल्या कॉलेजच्या गावी परतला. स्टोक्स ऐन भरात होता. १२ मार्च १९५८. मोसमातला शेवटचा साखळी सामना, मिनियापोलिसला. बास्केटकडे झेपावताना स्टोक्सची टक्कर झाली, तो कोसळला आणि डोके जमिनीवर आपटले. काही मिनिटे शुद्ध नव्हती. हुंगायला देऊन त्याला उठवले आणि तो पुन्हा खेळायला उतरला. तेव्हा हे शौर्यात जमा होई. आज डोक्याला असा मार लागलेल्या खेळाडूला तपासणीखेरीज मैदानात पाऊल टाकू देत नाहीत. तीन दिवसांनी डिट्रॉइटला बाद फेरीचा सामना तो खेळला, १२ गुण आणि १५ रिबाउंड घेतले. परतीच्या विमानात त्याला उलट्या झाल्या, झटके आले आणि त्याची शुद्ध हरपली. जाग आली तेव्हा मेंदूतले हालचालींचे केंद्र निकामी झालेले होते. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, पण हात हलेना, पाय हलेना, शब्द फुटेना. वय वर्षे २४.

तेव्हा खेळाडूला आजच्यासारखा वैद्यकीय विमा नव्हता, निवृत्तिवेतन नव्हते. स्टोक्सचे थोडेफार पैसे बँकेत होते, पण सही करायला हात नाही. आईवडील दूर पिट्सबर्गला, हातावर पोट असलेले. कायद्याने कुणीतरी पालक नेमणे भाग होते. संघातला जो माणूस सिनसिनाटीतच राहत होता, तो पुढे झाला. ट्वायमन तेव्हा २३ वर्षांचा होता आणि मोसम नसताना विमा कंपनीत काम करत असे. एका गोऱ्या तरुणाने एका कृष्णवर्णीय तरुणाचा न्यायालयाच्या संमतीने पालक व्हायचे, हे १९५८ मधले. नागरी हक्कांचा कायदा यायला अजून सहा वर्षे होती. सिनसिनाटी हे तसे दक्षिणेच्या उंबरठ्यावरचे शहर.

वर्षाचा खर्च एक लाख डॉलरच्या घरात. ट्वायमनने दोन वाटा धरल्या. पहिली कायद्याची. बास्केटबॉल खेळणे ही स्टोक्सची नोकरी होती आणि नोकरी करताना झालेल्या इजेची भरपाई कामगाराला मिळते, तशी त्यालाही मिळाली पाहिजे, असा दावा त्याने ओहायो राज्याकडे लावला आणि चिकाटीने मंजूर करून घेतला. भट्टीवरच्या मजुराच्या मुलाला अखेर मजुरांचाच कायदा उपयोगी पडला. दुसरी वाट मदतसामन्याची. न्यूयॉर्क राज्यातल्या मॉंटिसेलो इथे कुचर्स नावाचे सुट्टीचे ठिकाण होते. तिथे १९५८ च्या ऑगस्टपासून दर उन्हाळ्यात स्टोक्ससाठी सामना होऊ लागला. विल्ट चेंबरलेनसारखे बडे खेळाडू त्यासाठी येत.

दवाखान्यात ट्वायमन मुळाक्षरे म्हणत जाई आणि हव्या त्या अक्षराला स्टोक्स पापणी लववी. एकेक अक्षर जोडून शब्द, शब्दांचे वाक्य. व्यायामाने पुढे थोडी बोटे वळू लागली, अडखळत का होईना बोलणे आले. इकडे ट्वायमनचा खेळही चालू होता. १९५९-६० च्या मोसमात त्याची सरासरी सामन्यामागे ३१.२ गुणांची होती. संघाची मात्र दशा झाली. स्टोक्स पडला त्या मोसमात ३३ सामने जिंकणारे रॉयल्स पुढच्या मोसमात १९ वर आले. १९६० ला ऑस्कर रॉबर्टसन त्यांना मिळाला आणि १९६३ ला विभागाच्या अंतिम फेरीत त्यांनी रसेलच्या बॉस्टनला सातव्या सामन्यापर्यंत झुंजवले. त्या सातव्या सामन्यात तिशीच्या उंबरठ्यावरचा, निरोगी स्टोक्स असता तर? हॅरिसनच्या मूर्खपणाची गोष्ट मग कुणी लिहिली असती का? मी तर नक्कीच नसती.

६ एप्रिल १९७० रोजी स्टोक्स हृदयविकाराने गेला, ३६ व्या वर्षी. लोरेटोला, आपल्या कॉलेजच्या आवारातच, त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला पुरले. २००४ साली बास्केटबॉलच्या सन्मानदालनात त्याचे नाव दाखल झाले, तेव्हा त्याच्या वतीने तो मान स्वीकारायला सत्तरीतला ट्वायमन उभा होता. तो २०१२ मध्ये वारला. त्यानंतरच्या मोसमापासून लीगने सर्वोत्तम सहकाऱ्यासाठी दोघांच्या नावाने पारितोषिक सुरू केले.

आता तो १९५५ चा ड्राफ्ट पुन्हा मांडून पाहतो. रिकेट्स वाईट खेळाडू नव्हता. पहिल्याच मोसमात तो हॉक्सकडून रॉचेस्टरला आला आणि स्टोक्सच्या बरोबरीने खेळला, पुढे १९५९ ला बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये गोलंदाजी करून आला. पण आज यादी करायला बसणारा कुणीही पहिल्या क्रमांकावर स्टोक्सचेच नाव लिहील, आणि ट्वायमनला दुसऱ्या फेरीतून उचलून अगदी वर आणील. मीही तसेच लिहिले. लिहून झाल्यावर ध्यानात आले, की या सुधारलेल्या यादीत स्टोक्स हॉक्सकडे जातो आणि ट्वायमन फार तर रॉचेस्टरला. सगळ्यांनी अचूक निवड केली असती, तर १९५८ च्या मार्चमध्ये हे दोघे एका संघात नसते.

जुन्या यादीतून मी रॉचेस्टरचे नाव खोडले आहे. त्या जागी कुणाला घालावे, हे अजून ठरत नाही.