स्वातंत्र्यदिनी स्मरण : स्वराज्यसेवक काका बॅप्टिस्टा

पंधरा ऑगस्टला आपल्या धर्मग्रामांत दोन सण हातात हात घालून येतात. सकाळी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणानिमित्त मिस्साबलिदान अर्पण केले जाते आणि त्यानंतर चर्चच्या अथवा शाळेच्या प्रांगणात तिरंगा फडकतो. भाविक एकमेकांना दोन्ही सणांच्या शुभेच्छा देतात. हा योगायोग आपल्याला प्रिय आहे.

परंतु या दिवशी देशाच्या स्थितीचा विचारही मनात आल्यावाचून राहत नाही. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ रोजी उसळलेल्या हिंसाचाराने दोनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला आणि हजारो कुटुंबांना बेघर केले. आपल्या जिल्ह्यात कांद्याचा भाव कोसळला की शेतकऱ्याच्या घरातली चूल मंदावते, आणि कंत्राटी कामगाराला उद्याच्या कामाची शाश्वती नसते. त्यातच ख्रिस्ती माणसाच्या देशनिष्ठेविषयी अधूनमधून शंका घेतली जाते, तेव्हा आपले तरुण व्यथित होतात. अशा वेळी आशा कशाच्या बळावर धरावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच श्रद्धेच्या आणि आपल्याच मातीतल्या एका पुरुषाचे चरित्र आठवणे उचित ठरेल. ते म्हणजे बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. लोक त्यांना प्रेमाने काका बॅप्टिस्टा म्हणत.

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या माथारपाखाडी या वस्तीत झाला. त्यांचे घराणे मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहणारा, मराठीची बोली बोलणारा आणि कॅथलिक श्रद्धा जपणारा जो समाज, त्यात ते वाढले. या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव धारण केले. रोजगारासाठी मुंबईत येणाऱ्या गोवेकर आणि मंगळूरकर कॅथलिकांहून आपण निराळे आहोत आणि ब्रिटिश सरकारचे जुने प्रजाजन आहोत, हे सरकारदरबारी ठसावे असा त्यामागे हेतू होता. सरकारी नोकरी हा त्या काळी अनेक कुटुंबांचा आधार होता आणि आधार देणाऱ्याविरुद्ध बोलणे सोपे नव्हते. ज्या समाजाने आपल्या नावातच राज्यकर्त्यांशी असलेले नाते गुंफले, त्याच समाजातून स्वराज्याच्या चळवळीचा एक अध्यक्ष निपजावा, यात इतिहासाची गंमत आहे आणि आपल्यासाठी बोधही आहे.

बॅप्टिस्टा यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि काही काळ सरकारच्या वनखात्यात नोकरी केली. चाकोरीतले सुखाचे आयुष्य त्यांच्यापुढे होते. ते सोडून त्यांनी इंग्लंडची वाट धरली, केंब्रिज विद्यापीठात राज्यशास्त्राचा अभ्यास केला आणि बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले. त्या वर्षांत ब्रिटनच्या राजकारणात आयर्लंडचा प्रश्न गाजत होता. आयर्लंडच्या कॅथलिक जनतेला आपल्या घरचा कारभार आपल्या हाती हवा होता आणि त्या मागणीला होमरूल असे नाव होते. ग्लॅडस्टन यांनी १८८६ आणि १८९३ मध्ये त्यासाठी दोनदा विधेयक मांडले आणि दोन्ही वेळा ते फेटाळले गेले. एका राष्ट्राची मागणी कायद्याच्या आणि लोकमताच्या मार्गाने कशी चिकाटीने मांडत राहावी लागते, याचा धडा त्या लढ्यात होता. हा धडा बॅप्टिस्टा यांनी मनात जपून ठेवला.

मुंबईत वकिली करत असताना त्यांचा आणि लोकमान्य टिळकांचा स्नेह दृढ झाला. एक पुण्याचा सनातनी वळणाचा हिंदू विद्वान, दुसरा माझगावचा कॅथलिक बॅरिस्टर. तरीही ही मैत्री टिळकांच्या अखेरपर्यंत टिकली. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा बॅप्टिस्टा त्यांच्या साहाय्यास उभे राहिले. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला करण्यात आली. त्या शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. शिक्षा झालेल्या नेत्याशी मैत्री सांगणे ज्या काळात धोक्याचे होते, त्या काळात बॅप्टिस्टा यांनी ती मैत्री लपवली नाही.

यानंतरचा प्रसंग आपल्या नाशिकशी निगडित आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात संगीत शारदा नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या. जॅक्सन हे संस्कृतचे व्यासंगी होते आणि लोक त्यांना पंडित म्हणत. या हत्येबद्दल कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यानंतर नाशिक कटाचा मोठा खटला मुंबईत विशेष न्यायासनापुढे चालला. तिघे न्यायाधीश, ज्यूरी नाही, आणि आरोपींच्या पिंजऱ्यात नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांच्यासह ३८ जण. सावरकरांच्या बचावासाठी जे वकील उभे राहिले, त्यांत जोसेफ बॅप्टिस्टा होते.

बॅप्टिस्टा यांचा स्वतःचा मार्ग सभा, लेखणी आणि कायदा यांचा होता, पिस्तुलाचा नव्हता. मनुष्यहत्या हे पाप आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तथापि आरोपीला बचावाचा हक्क आहे आणि सत्तेच्या रोषाला भिऊन तो हक्क नाकारला जाऊ नये, हेही न्यायाचेच तत्त्व आहे. ज्याच्या बाजूने उभे राहिल्याने सरकारची मर्जी जाणार, त्याच्या बाजूने हा ख्रिस्ती वकील उभा राहिला. निकाल २४ डिसेंबर १९१० रोजी, नाताळच्या पूर्वसंध्येला लागला. सावरकरांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. खटला हरला, पण वकिलाने आपले कर्तव्य केले होते.

जून १९१४ मध्ये टिळक मंडालेहून परतले आणि चळवळीला नवे वळण लागले. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना झाली. अध्यक्षपदी जोसेफ बॅप्टिस्टा आणि चिटणीसपदी नरसिंह चिंतामण केळकर यांची निवड झाली. टिळकांनी स्वतः कोणतेही पद घेतले नाही. ॲनी बेझंट यांची लीग त्यानंतर काही महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, निघाली. आयर्लंडमध्ये रूढ झालेला शब्द महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचला, आणि त्या कार्याच्या शिरोभागी एक मराठी कॅथलिक होता. लोकमान्यांच्या जगप्रसिद्ध घोषणेमागे बॅप्टिस्टा यांची प्रेरणा होती, असेही काही लेखक सांगतात. मे १९१७ मध्ये लीगचा पहिला वर्धापन सोहळा नाशिकमध्येच झाला आणि लोकमान्यांनी गोदाकाठच्या जनतेपुढे स्वराज्याचा हक्क पुन्हा एकदा उच्चारला. पहिल्या वर्षात लीगचे सुमारे १४,००० सभासद झाले होते.

याच काळात टिळकांच्या भाषणांवरून त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजार रुपयांचा जातमुचलका मागण्यात आला. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. टिळकांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी मांडली आणि त्यांच्याबरोबर बॅप्टिस्टाही होते. नोव्हेंबर १९१६ मध्ये न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. एका हिंदू नेत्यासाठी एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती वकील एकाच बाकावर बसले होते. पुढे देशाची फाळणी झाली आणि रक्ताचे पाट वाहिले, हे आपण जाणतो. म्हणूनच ते दृश्य विसरू नये. या देशात असेही घडू शकते, कारण असे घडलेले आहे.

१९१७ साली बॅप्टिस्टा होमरूलचा प्रचार करण्यासाठी इंग्लंडला गेले. तेथील मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी त्यांनी संबंध जोडले आणि भारताची बाजू त्यांच्या कानी घातली. राज्यकर्त्यांच्या देशातही न्यायाची चाड असणारी माणसे आहेत, त्यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजे, असा त्या प्रवासाचा अर्थ होता. शत्रूच्या घरातही सज्जन शोधणे हे आशावादी माणसालाच साधते.

बॅप्टिस्टा यांच्या देशभक्तीचे दुसरे अंग म्हणजे श्रमिकांची सेवा. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली रेरूम नोव्हारूम हे परिपत्रक प्रसिद्ध केले आणि कामगाराला न्याय्य वेतन व संघटनेचा हक्क आहे हे ख्रिस्तसभेच्या वतीने जगाला सांगितले. मुंबईत त्या हक्कांसाठी झटणाऱ्यांत बॅप्टिस्टा अग्रभागी होते. टपाल कर्मचाऱ्यांच्या संघटनेत त्यांनी काम केले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. लाला लजपतराय अध्यक्ष होते आणि स्वागत समितीची धुरा बॅप्टिस्टा यांनी वाहिली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत भारतीय कामगारांचा प्रतिनिधी कोण, हे सरकारने परस्पर न ठरवता कामगारांनी ठरवावे, यासाठी देशव्यापी संस्था हवी होती. पुढच्या वर्षी, १९२१ मध्ये, कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात झरिया येथे दुसरे अधिवेशन झाले. खाणमालकांचा त्याला विरोध होता. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष बॅप्टिस्टा होते. १९२४ साली ते कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाला गेले. स्वराज्य आले आणि कामगार उपाशीच राहिला, तर ते स्वराज्य अपुरे आहे, हे त्यांच्या कार्यातून दिसते.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य निवर्तले. त्यानंतर राष्ट्रीय चळवळ महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली असहकाराच्या मार्गाने गेली. बॅप्टिस्टा यांना तो मार्ग पटला नाही. कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत शिरून लोकांची कामे करावीत, असे त्यांचे मत होते. त्यामुळे ते लोकप्रियतेच्या मुख्य प्रवाहापासून काहीसे दूर राहिले. मतभेद झाला म्हणून त्यांनी देशाचे काम मात्र सोडले नाही. मुंबई महानगरपालिकेत त्यांनी प्रदीर्घ सेवा केली आणि १९२५-२६ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले. आज ज्याला आपण महापौर म्हणतो, त्या पदाला त्या वेळी अध्यक्ष म्हणत. आपल्याहून वेगळे मत असणारा माणूसही देशभक्त असू शकतो, हे त्यांच्या उत्तरायुष्यावरून शिकण्यासारखे आहे.

१९३० साली दांडीयात्रेने देश ढवळून निघाला. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला वयाच्या ६६ व्या वर्षी काका बॅप्टिस्टा प्रभूघरी गेले. मुंबईच्या शिवडी येथील दफनभूमीत त्यांनी चिरविश्रांती घेतली. माझगावच्या टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव आहे. संध्याकाळी तेथे फिरायला येणाऱ्यांपैकी किती जणांना हे काका कोण होते हे ठाऊक असेल, असा प्रश्न पडतो. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलांना तरी ते ठाऊक असायला हवे.

ज्या स्वराज्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले ते त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी आले. त्यांनी तो ध्वज पाहिला नाही. नबो पर्वतावरून मोशेने वचनदत्त भूमी दुरून पाहिली. काकांना तेवढेही लाभले नाही. तरीही ते काम करत राहिले. ख्रिस्ती आशा ती हीच. सर्व काही लवकरच ठीक होईल, असा अंदाज म्हणजे आशा नव्हे. जे न्याय्य आहे ते केल्याने वाया जात नाही, कारण पेरणारा आणि कापणारा निराळा असला तरी शेताचा धनी एकच आहे, हा विश्वास म्हणजे आशा.

त्या पेरणीचे पीक आपण घेतो आहोत. घटना समितीत डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती विद्वान उपाध्यक्ष होते आणि येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा सदस्य होते. धर्माच्या आधारावर राखीव जागा मागण्याऐवजी ख्रिस्ती प्रतिनिधींनी देशबांधवांच्या सद्‌भावनेवर विसंबणे पसंत केले आणि राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला धर्म पाळण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. हा करार आजही जिवंत आहे. तो जिवंत ठेवण्याचे काम सरकारचे, न्यायालयाचे आणि तितकेच आपलेही आहे.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या देशनिष्ठेचा दाखला कोणी मागितला तर रागावू नये आणि घाबरूही नये. काकांनी दाखला कागदावर दिला नाही. ज्याची बाजू घेण्यास कोणी धजत नव्हते त्याच्या बाजूने ते उभे राहिले, श्रमिकाच्या हक्कासाठी झटले आणि परधर्मीय मित्राशी अखेरपर्यंत इमान राखले. आपल्या धर्मग्रामातील वकिलाने महिन्यातून एकदा गरिबाचे प्रकरण विनामूल्य हाती घ्यावे. सुशिक्षित तरुणाने पाड्यावरच्या कुटुंबाला रेशनकार्डाचा अथवा वनहक्काचा अर्ज भरून द्यावा. प्रत्येकाने मतदान करावे आणि शेजाऱ्याच्या दुःखात त्याचा धर्म न विचारता धावून जावे. मणिपूरच्या बांधवांसाठी प्रार्थना करताना तेथल्या दोन्ही समाजांचे नाव घ्यावे.

पवित्र मरियेने आपल्या स्तोत्रात दीनांना उंच करणाऱ्या देवाचे गुणगान केले आहे. तिच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशीच आपल्या राष्ट्राला स्वातंत्र्य लाभले. तिच्या मध्यस्थीने आपल्या देशात न्याय, शांती व बंधुभाव नांदो आणि काका बॅप्टिस्टांसारखे सेवक आपल्या घराघरांतून निर्माण होवोत, हीच प्रभूचरणी प्रार्थना. सर्वांना स्वातंत्र्यदिनाच्या आणि स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या हार्दिक शुभेच्छा!