डॉ. जॉन वॉलिस

इंग्रजी भविष्यकाळांत 'शॅल' घालावें कीं 'विल', येथें कोणता विद्यार्थी अडखळला नाहीं! हा नियम सविस्तर मांडणारे डॉ. जॉन वॉलिस १६१६ सालीं इंग्लंडांतील ॲशफर्ड गांवीं जन्मले. ते पाळक, शिवाय १६४९ पासून १७०३ सालीं मरेपर्यंत ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक. अनंताचें चिन्हही त्यांचेंच. परकीयांस इंग्रजी शिकतां यावी म्हणून १६५३ सालीं त्यांनीं लॅटिन भाषेंत तिचें व्याकरण लिहिलें. बोलणारा स्वतःविषयीं 'शॅल' म्हणेल तर तें केवळ भाकीत, 'विल' म्हणेल तर वचन किंवा धमकी. इतरांविषयीं नेमकें उलट. 'विल' म्हणजे मूळची इच्छा, 'शॅल' म्हणजे बंधन. माझ्या मतें मर्म हेंच कीं, वचन स्वतःच्या इच्छेचें देतां येतें. दुसऱ्यास फार तर बांधतां येतें. गणित्याच्या या काटेकोरपणापुढें बोली मात्र नमली नाहीं. आतां इंग्लंडांतही बहुधा 'विल'च ऐकूं येतें.