जुन्या वळणाचे मॅक्स प्लांक

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र असते. आजवर संत झाले, देशभक्त झाले, समाजसुधारक झाले. यंदा पाळी माझ्यावर आली आणि मी एका जर्मन शास्त्रज्ञाचे नाव सांगितले, तेव्हा पुष्कळजणींना हसू आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हसू येणे साहजिकच होते. म्हणून हे चरित्र माझ्या स्वयंपाकघरात कसे शिरले ते आधी सांगते.

माझी थोरली मुलगी बी.एस्सी. झाली आणि पदार्थविज्ञानातच एम.एस्सी. करायचे, त्यासाठी परगावी वसतिगृहात राहायचे, असा तिने हट्ट धरला. सासूबाई नको म्हणाल्या. खरे सांगायचे तर मीही मनातून नकोच म्हणत होते. अशात एका संध्याकाळी मी गॅसवर जाळी ठेवून वांगे भाजत होते. जाळीच्या तारा लाल झाल्या. मुलीने विचारले, ही लालच का होते, जांभळी का होत नाही? मी म्हटले, लोखंड तापले की लालच होणार, त्यात काय विचारायचे? तेव्हा ती म्हणाली की याच प्रश्नाने एकेकाळी मोठमोठे पंडित अडले होते. मग रोज भाकऱ्या होईपर्यंत ती मॅक्स प्लांक यांची हकीकत सांगू लागली. पुढे वाचनालयातून पुस्तक आणून मीही वाचले.

प्लांक यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी जर्मनीतील कील गावी झाला. वडील कायद्याचे प्राध्यापक. आजोबा आणि पणजोबा धर्मशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे घराणे विद्वान, शिस्तीचे आणि जुन्या वळणाचे. १८६७ साली कुटुंब म्यूनिकला राहायला गेले. मॅक्सला संगीताचा फार नाद. पियानो आणि ऑर्गन तो उत्तम वाजवी. सोळाव्या वर्षी विद्यापीठात गेल्यावर त्याने पदार्थविज्ञान घ्यायचे ठरवले, तेव्हा तिथल्या प्राध्यापक योली यांनी त्याला परावृत्त करायचा प्रयत्न केला. या शास्त्रात बहुतेक सारे शोधून झाले आहे, किरकोळ फटी बुजवायच्या तेवढ्या राहिल्या आहेत, असे त्यांचे मत. मॅक्सने ते ऐकून घेतले, पण बेत बदलला नाही. त्याला नवीन काही शोधायचे नव्हते. जे ठाऊक आहे तेच नीट समजून घ्यायचे होते. एवढी छोटी इच्छा धरून आलेल्या या मुलाच्या हातून पुढे सगळी इमारत हलली.

ती जुनी इमारत कशी होती ते माझ्या बुद्धीप्रमाणे सांगते. न्यूटनने नियम घालून दिला होता की वस्तू आता कोठे आहे, किती वेगाने चालली आहे आणि तिच्यावर जोर किती पडतो हे कळले, की पुढे ती कोठे असेल ते गणिताने सांगता येते. मॅक्सवेलने दाखवले होते की प्रकाश म्हणजे विजेच्या व चुंबकाच्या लाटा. या साऱ्यात एक गोष्ट गृहीत होती. शक्ती वाहत्या पाण्यासारखी सलग असते, ती हवी तेवढी थोडी घेता येते.

प्लांक १८७९ साली डॉक्टर झाले, १८८५ साली कीलला प्राध्यापक झाले आणि १८८९ पासून बर्लिनला आले. १८८७ साली मारी मेर्क हिच्याशी त्यांचे लग्न झाले. कार्ल, एमा व ग्रेटे या जुळ्या मुली आणि एर्विन अशी चार मुले झाली. घरी पाहुण्यांचा राबता असे, गाणे-बजावणे होई.

त्याच काळात बर्लिनच्या सरकारी प्रयोगशाळेत तापलेल्या पोकळ भट्टीतून कोणत्या रंगाचा उजेड किती निघतो हे मोजले जात होते. विजेच्या आणि गॅसच्या दिव्यांसाठी ती मापे हवी होती. पण मापे गणिताशी जुळेनात. ७ ऑक्टोबर १९०० हा रविवार. प्रयोग करणारे रुबेन्स हे पत्नीसह प्लांक यांच्याकडे चहाला आले आणि बोलता बोलता नव्या मोजणीचे आकडे सांगून गेले. पाहुणे गेल्यावर प्लांक टेबलाशी बसले आणि त्याच रात्री त्यांनी सूत्र मांडले. १९ ऑक्टोबरला ते त्यांनी सभेत सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळीच रुबेन्स दारात हजर! सूत्र मापांशी तंतोतंत जुळत होते.

पण जुळले एवढ्यावर प्लांक यांचे समाधान होईना. का जुळले ते कळायला हवे होते. त्यासाठी बोल्ट्झमन नावाच्या शास्त्रज्ञाची मोजण्याची रीत वापरावी लागली आणि तिच्यामागच्या विचाराला तर प्लांक यांनी वर्षानुवर्षे विरोध केला होता. शिवाय आणखी एक विचित्र गोष्ट मानावी लागली. तापलेल्या वस्तूतले स्पंदन करणारे कण शक्तीची देवघेव सलग करत नाहीत, ठरावीक पुडक्यांनी करतात. त्या पुडक्याला नाव पडले क्वांटम. १४ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी हे बर्लिनच्या सभेत मांडले. तोच नव्या पदार्थविज्ञानाचा जन्मदिवस मानतात.

मला हे वाण्याच्या दुकानावरून कळले. तेल हवे तेवढे सुटे मिळते. नारळ मात्र अख्खाच घ्यावा लागतो, अर्धा कोणी देत नाही. आता प्लांक यांच्या हिशोबात तांबड्या उजेडाचे पुडके लहान आणि जांभळ्याचे मोठे. आपली जाळी तापते, पण तिच्याजवळची शक्ती बेताची. दहा रुपये घेऊन गेलेल्या बाईला दहाची पुडी मिळेल, चाळीसचा नारळ मिळणार नाही. म्हणून जाळी लाल होते. लोहाराच्या भट्टीत लोखंड आणखी तापले की नारिंगी होते, मग पांढरे, कारण आता मोठी पुडकीही परवडू लागतात. जुन्या हिशोबाने पाहिले तर शक्ती तेलासारखी सुटी मिळून जांभळ्याच्याही पलीकडच्या किरणांचा अमर्याद लोंढा निघायला हवा होता. चुलीपुढे उभे राहणेच अशक्य झाले असते!

आपल्या हातून केवढी मोडतोड झाली हे पाहून प्लांक स्वतःच अस्वस्थ झाले. ही नवी गोष्ट जुन्या घरात कशी बसवता येईल यासाठी त्यांनी कितीतरी वर्षे घालवली. १९०५ साली तरुण आइन्स्टाइनने प्रकाशच पुडक्यांचा असतो असे म्हटले, तेही त्यांना पटेना. तरी त्याच आइन्स्टाइनला बर्लिनला आणण्यात पुढाकार प्लांक यांचाच. एकजण पियानोवर आणि दुसरा व्हायोलिनवर असे दोघे पुढे मिळून वाजवीत. मत जुळले नाही म्हणून माणूस तोडायचा नाही, ही त्यांची रीत. आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली प्लांक यांचेच सूत्र अगदी नव्या मार्गाने सिद्ध करून आइन्स्टाइनकडे पाठवले, हेही येथे सांगायला हवे.

आता जी गोष्ट ऐकून माझा हात पोळीवरच थांबला ती सांगते. १८९७ साली एका पुस्तकासाठी, स्त्रियांना विद्यापीठात घ्यावे का, असे प्राध्यापकांना विचारण्यात आले होते. प्लांक यांचे मत असे, की एखादी विलक्षण बुद्धीची असली तर पाहू, एरवी निसर्गानेच बाईला आई आणि गृहिणी केले आहे. म्हणजे आमच्या घरात जे चालले होते तेच! पुढे १९०७ साली लीझे माइट्नर ही व्हिएन्नाची मुलगी त्यांच्याकडे व्याख्याने ऐकायची परवानगी मागायला आली. तिचे काम आणि तळमळ त्यांनी पाहिली. वर्गात बसू दिले, घरी बोलावले, जुळ्या मुलींशी तिची मैत्री झाली. १९१२ साली त्यांनी तिला आपली साहाय्यक नेमले. तिकडच्या विद्यापीठात बाईने असे पद भूषवणे तोवर नव्हतेच. अणू फुटतो तेव्हा नेमके काय घडते हे पुढे १९३८-३९ साली उलगडणाऱ्यांत हीच लीझे होती.

एवढ्या माणसाच्या संसारावर मात्र आघातावर आघात झाले. १९०९ साली पत्नी गेली. १९११ साली त्यांनी तिच्याच भाचीशी, मार्गाशी, लग्न केले. १९१६ साली थोरला कार्ल महायुद्धात पडला. १९१७ साली ग्रेटे बाळंतपणात गेली. तिच्या तान्ह्या मुलीला सांभाळता सांभाळता एमाने तिच्याच नवऱ्याशी लग्न केले आणि १९१९ साली तीही तशीच बाळंतपणात गेली. दोन्ही नाती वाचल्या. त्याच १९१९ साली, राखून ठेवलेले १९१८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ते वाचताना आनंद मानावा की डोळे पुसावेत ते मला कळेना.

पुढे हिटलरचे राज्य आले. ज्यू शास्त्रज्ञांच्या बाजूने प्लांक यांनी हिटलरपाशी शब्द टाकला, तो वाया गेला. देश न सोडता पदावर राहिले, तडजोडी केल्या, म्हणून त्यांना बोल लावणारेही आहेत. मात्र देशाबाहेर मरण पावलेल्या हाबर या ज्यू शास्त्रज्ञाची स्मृतिसभा त्यांनी १९३५ साली सरकारचा विरोध पत्करून घेतली. १९४४ साली बॉम्बहल्ल्यात राहते घर, पुस्तके, कागदपत्रे सारे जळाले. हिटलरविरुद्धच्या कटात सामील म्हणून एर्विनला पकडले. शहाऐंशी वर्षांच्या बापाने दयेचा अर्ज केला. उपयोग झाला नाही. २३ जानेवारी १९४५ रोजी त्याला फाशी दिले. ४ ऑक्टोबर १९४७ रोजी ग्योटिंगेन येथे प्लांक वारले.

आज जर्मनीतील मोठमोठ्या संशोधनसंस्था त्यांच्या नावाने चालतात. त्यांच्या सूत्रातला आकडा दशांशचिन्हापुढे तेहतीस शून्ये टाकल्यावर सुरू होतो, इतका बारीक! पण २० मे २०१९ पासून जगातला किलोग्रॅम त्याच आकड्यावरून ठरतो. त्याआधी पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा एक ठोकळा प्रमाण मानत. म्हणजे भगिनींनो, आपण किलोभर तांदूळ घेतो त्या मापातही प्लांक आहेत.

नवे शोधायची हौस नसलेला हा माणूस. पण जे डोळ्यांसमोर खरे दिसले ते आपल्या मताविरुद्ध आहे म्हणून त्याने नाकारले नाही. मग मी तर साधी गृहिणी. मुलीची हुशारी रोज माझ्या ओट्यापाशी उभी होती, ती किती दिवस नाकारणार? यंदा तिला वसतिगृहात पोचवून आलो. निघताना सासूबाईंनी लाडवांचा डबा आपल्या हातांनी तिच्या पिशवीत ठेवला. लाडू मोजून एकवीस होते. अर्धामुर्धा एकही नव्हता!